‘बोल्ड’च्या आठवणींची दुपार कशी जमवावी

‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ ही अमेरिकन मालिका ज्यांनी नव्वदच्या दशकात केबलवर जीव लावून बघितली, त्यांच्यासाठी हे मुख्यतः लिहिते आहे. ज्यांची लाडकी मालिका वेगळी होती, त्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल. जुन्या मालिकेबद्दल बोलायला चारजणी बसल्या की दहा मिनिटांत ‘काय दिवस होते ना!’ एवढंच उरतं. मग चहा येतो आणि विषय गुडघेदुखीवर जातो. तसं होऊ नये आणि दोन तास त्या घरात पुन्हा वावरता यावं, यासाठी थोडी तयारी करावी लागते. शनिवार पेठेत आमच्याकडे अशा दुपारी बऱ्याच वर्षांपासून जमतात. त्या कशा जमवायच्या, ते सांगते.

माझं काम शिवणाचं. ब्लाउज, परकर, फॉल-पिको. पुढच्या खोलीत मशीन आणि मशीनच्या समोर टीव्ही. १९९१ साली स्टार टीव्ही आलं, पाठोपाठ पेठेत एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर केबलच्या वायरी गेल्या आणि त्यातून फॉरेस्टर मंडळी आमच्याकडे आली. लॉस एंजेलिसमधलं कपड्यांच्या धंद्यातलं कुटुंब, त्यामुळे मला ती पहिल्या दिवसापासून जवळची वाटली. माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक भाग संपेपर्यंत उठायचं नाही. त्यांचं इंग्रजी सगळ्यांनाच समजायचं असं नाही. जिला समजेल तिनं बाकीच्यांना सांगायचं, अशी पद्धत होती. आजही आमच्या गप्पांमध्ये कुणाची आठवण कुणाकडून आलेली, ते त्या पद्धतीमुळे लगेच ओळखू येतं.

आधी माणसं कोण बोलवायची ते ठरवा. पाच-सहाजणी पुरेत. त्याहून जास्त झाल्या की दोन घोळके होतात आणि दोन्हीकडचं निम्मं-निम्मं ऐकू येतं. सगळ्या एकाच तऱ्हेनं आठवणाऱ्या नकोत. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना चेहरे आणि कपडे आठवतात, नावं नाही. माझ्या थोरल्या नणंदेला कोण कुणाला काय बोललं ते पाठ आहे, पण आधी काय झालं आणि नंतर काय हे तिच्याकडे सगळं एकत्र असतं. समोरचे काका बँकेत होते. कंपनीचा ताबा कुणाकडून कुणाकडे गेला हे त्यांच्याइतकं नीट कुणीच सांगू शकत नाही. अशी वेगवेगळी माणसं बसली की गोष्ट पुरी होते.

आणि एक तरी जण मालिका अजिबात न पाहिलेली हवी. हे फार महत्त्वाचं आहे. आमच्यात माझी सून बसते. ती विचारते, ‘पण आई, मग त्यानं तिच्याशी लग्न का नाही केलं?’ आपापसांत बोलताना ‘का’ कुणी विचारत नाही, सगळ्यांना माहीत असतं असं आपण धरून चालतो. तिला उत्तर द्यायला लागलं की मधले विसरलेले प्रसंग एकेक करून वर येतात.

बसल्या बसल्या पहिल्यांदा प्रत्येकीला विचारा, ‘तू कुठपर्यंत बघितलीस?’ स्टार प्लस २००० साली हिंदी झालं, त्या सुमारास आमच्यातल्या बऱ्याचजणी सुटल्या. काहीजणी पुढे दुसऱ्या वाहिनीवर बघत राहिल्या. मालिका अमेरिकेत २३ मार्च १९८७ ला सुरू झाली आणि अजून चालू आहे. म्हणजे एकीची मालिका फॉरेस्टरांचा मुलगा रिज आणि डॉक्टर टेलर यांच्या लग्नाशी थांबलेली आणि दुसरीची रिजची आई स्टेफनी हिच्या मृत्यूपर्यंत गेलेली, असं असतं. हे आधी कळलं नाही तर एखादीच्या मनात तीस वर्षं जपलेला शेवट कुणीतरी एका वाक्यात मोडून टाकतं. जिला पुढचं ऐकायचं नसेल तिनं तसं सांगावं आणि बाकीच्यांनी ते पाळावं.

मग नात्यांचा कागद. मी ब्लाउजचं कटिंग काढायला वापरते तो खाकी कागद घेते, पाट मांडते आणि पेन्सिलीनं लिहिते. पेन नको, कारण या घरात नाती फार बदलतात. एका बाजूला फॉरेस्टर नवरा-बायको एरिक आणि स्टेफनी, त्यांच्या खाली मुलं रिज, थॉर्न, क्रिस्टन, फेलिशिया. दुसऱ्या बाजूला लोगन कुटुंब: आई बेथ, मुलं स्टॉर्म, ब्रुक, डोना, केटी. तिसऱ्या कोपऱ्यात बिल स्पेन्सर आणि त्याची मुलगी कॅरोलाइन. एवढं झालं की रेघा ओढायला घ्या. नाती आपल्या शब्दांत सांगा, गोष्ट लगेच अंगाशी येते. ब्रुक ही स्टेफनीची आधी सवत झाली आणि मग सून. ब्रुकला एरिकपासून झालेला रिक हा रिजचा सावत्र भाऊ, आणि रिजनं ब्रुकशी लग्न केल्यावर सावत्र मुलगाही. ‘सवत आणि सून एकच’ हे सुनेनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिनं हातातला फोन बाजूला ठेवला तो शेवटपर्यंत उचलला नाही.

कागदावर एरिक आणि बेथ यांच्यामध्ये एक तुटक रेघ ओढायला विसरू नका. कॉलेजात एरिकचं प्रेम बेथवर होतं. स्टेफनीला दिवस गेले म्हणून त्यानं स्टेफनीशी लग्न केलं, आणि ते मूल म्हणजे रिज. पुढे बेथची मुलगी ब्रुक त्याच रिजच्या प्रेमात पडते. म्हणजे आईच्या पिढीत तुटलेलं मुलीच्या पिढीत पुन्हा सुरू होतं. स्टेफनीला ब्रुक का खुपते, याचं मूळ इथे आहे. आणि २००१ मध्ये मालिकेनं उघड केलं की रिज एरिकचा मुलगाच नाही, मॅसिमो मरोनचा आहे. ज्या पोरासाठी लग्न झालं ते पोर दुसऱ्याचं! आमच्यातल्या ज्या आधीच सुटल्या होत्या, त्यांना हे माझ्याच खोलीत कळलं. वरच्या काकू बराच वेळ त्या तुटक रेघेवर बोट ठेवून बसल्या होत्या. ‘बिचारी बेथ,’ एवढंच म्हणाल्या.

आता मुख्य गोष्ट. पहिल्यापासून सांगायला बसू नका. अर्ध्या तासाचा भाग, आठवड्याला पाच भाग, इतकी वर्षं. कुठेही पोचणार नाही. एका दुपारी एकच धागा घ्या, आणि तो एखाद्या वस्तूपासून किंवा जागेपासून सुरू करा. ‘रिज आणि ब्रुक’ हा धागा नव्हे, तो सगळा सुताचा गुंडाच झाला. ‘न चुरगळणारं कापड’ हा धागा. ब्रुक शिकलेली रसायनशास्त्र. तिनं सुरकुती न पडणाऱ्या कापडाचं सूत्र काढलं, त्याला नाव ‘बिलीफ’, आणि त्या सूत्राच्या जोरावर ती कंपनीत एवढी वर चढली की फॉरेस्टरांच्या घरात फॉरेस्टरांनाच तिच्याशी बोलणी करावी लागली. हा धागा आम्ही घेतला त्या दुपारी काका खुलले. पेटंट म्हणजे काय आणि ते हातातून जाणं म्हणजे काय, हे त्यांनी इतकं छान उलगडलं की मालिका बघताना ओझरतं गेलेलं सगळं तेव्हा समजलं. बायकांकडून कपड्यांचं निघालं. त्या काळात टेरिकॉटच्या साड्या कुणी-कुणी आणि का घेतल्या, कुणाच्या सासूला सुती सोडून काही चालायचं नाही. ते बोलणंही चालू द्यावं. ते मालिकेबाहेरचं नाही.

वस्तूचा फायदा माझ्याच कामातून सांगते. एका वहिनींना टेलरच्या एका पोशाखाचा मागचा गळा ब्लाउजला हवा होता. तेव्हा चित्र थांबवायची सोय नव्हती. टेलर पाठ करून दाराकडे जाते तेवढ्यात बघायचं आणि जाहिराती लागल्या की खाकी कागदावर उतरवायचं. खोल गळा, खाली निमुळता होत आलेला, मध्ये एकच बटण आणि वर नाडी नाही. मी खांद्यापासून सात इंच खोली धरली, पट्टी तिरकी कापली म्हणजे गळ्याला ताण बसत नाही, आणि बटण तुळशीबागेतून मोत्याचं आणलं. तो कागद अजून आहे. मी तो मधे ठेवते आणि विचारते, ‘हा पोशाख तिनं कुठल्या प्रसंगात घातला होता?’ अर्धा तास कुठे जातो कळत नाही. तुमच्याकडे असं काहीतरी असेल: जुनं कात्रण, त्या काळी शिवलेला ड्रेस, टीव्ही असलेल्या खोलीचा फोटो. ते घेऊन यायला सगळ्यांना आधीच सांगा.

वाद होणार. होऊ द्या, पण फोन लगेच काढू नका. एकदा उत्तर मिळालं की आठवणं थांबतं. मी मापांच्या जुन्या वहीत पानाचे दोन भाग करते: डावीकडे ‘आठवतं ते’, उजवीकडे ‘तपासलेलं’. डावीकडचं आधी पूर्ण लिहायचं, ज्याचं त्याच्या नावानं. उजवीकडचं शेवटच्या पंधरा मिनिटांत. उदाहरण देते. नणंद ठामपणे म्हणायची, कॅरोलाइन मेली आणि नंतर परत आली. शेजारच्या वहिनी म्हणायच्या, मेलेली परत कशी येईल. दोघींचं बरोबर निघालं. कॅरोलाइन १९९० मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेली, आणि पुढच्या वर्षी तीच नटी, जोआना जॉन्सन, कॅरोलाइनची जुळी बहीण कॅरन म्हणून आली. नणंदेच्या डोळ्यांनी बरोबर पाहिलं होतं आणि वहिनींच्या कानांनी बरोबर ऐकलं होतं. डावीकडचं खोडू नका, ते कसं आठवलं यातच गंमत असते.

नट बदलले तिथे वाद हमखास होतो. थॉर्नचं काम आधी क्लेटन नॉरक्रॉस करायचा, १९८९ पासून जेफ ट्रॅक्टा, पुढे विन्सर हार्मन. रिज मात्र २०१२ पर्यंत रॉन मॉसच होता, नंतर थॉर्स्टन के आला. कुणी ‘थॉर्न’ म्हणालं की ‘कुठला?’ असं विचारून घ्या, तिथेच काळ ठरतो. मुलांच्या वयाचा हिशेब मात्र करत बसू नका. अमेरिकेतल्या या दुपारच्या मालिकांमध्ये मुलं भराभर मोठी करून टाकतात, तो तिथला रिवाज आहे.

काही गुंते इतके मोठे असतात की त्यांना स्वतंत्र दुपार द्यावी. टेलरचं मोरोक्को हा तसा गुंता. टेलर ही कॅरोलाइनच्या शेवटच्या काळात आलेली डॉक्टर, हंटर टायलोनं केलेली, पुढे रिजची बायको. विमान कोसळल्याची बातमी येते, सगळे ती गेली असं धरतात, रिज दुःखातून उठतो आणि ब्रुकशी लग्न करतो. इकडे टेलर मोरोक्कोत राजपुत्र ओमरच्या राजवाड्यात, लैला या नावानं. आणि रिज-ब्रुक मधुचंद्राला त्याच राजवाड्यात येतात! हे सांगताना घाई करू नका. या प्रसंगात प्रत्येकीला कुणाची दया आली ते एकेकीला विचारा. बहुतेकजणी टेलर म्हणतात. मला तेव्हाही ब्रुकची दया आली होती आणि आजही येते. तिनं या वेळी कुणाचं काही हिसकावलं नव्हतं. ती विधुराशी लग्न करून आली होती.

इथून पक्षांचा मुद्दा येतो. प्रत्येक मालिकाप्रेमी कुठल्या तरी पक्षात असतो आणि ते चांगलंच आहे. पण आमच्याकडे एक नियम आहे: तासाभरानं प्रत्येकीनं समोरच्या पक्षाची बाजू मांडायची, आणि खरी मांडायची. ब्रुकला नावं ठेवणाऱ्या काकूंनी एकदा ब्रुकची बाजू मांडली. साध्या घरातली मुलगी, वडील घर सोडून गेलेले, भावंडं, आई जेवणाची कामं घेणारी, आणि समोर एवढं मोठं घर जिथे तिला दारातच नको म्हटलं जातं. ते बोलताना काकूंचा आवाज बदलला. नंतर त्या म्हणाल्या की लग्न करून पुण्यात आल्या तेव्हा त्यांनाही असंच दारात थांबवलं होतं. तीस वर्षांत हे कुणाला माहीत नव्हतं. अशा वेळी मधे बोलू नका, विषय बदलू नका, चहा विचारायला उठू नका. त्यांचं झालं की मगच पुढे.

हीच गोष्ट गेलेल्या माणसांची. कुणी मालिका आईबरोबर बघितलेली असते, कुणी सासूबरोबर. ब्रुकची मुलगी ब्रिजेट, तिचा बाप एरिक की रिज, हा घोळ वर्षानुवर्षं चालला, आणि शेवटी एरिक निघाला. शेजारच्या वहिनींच्या सासूबाई आजारपणातही रोज विचारायच्या, ‘ठरलं का त्या पोरीचं?’ उत्तर यायच्या आत त्या गेल्या. वहिनी ते दरवेळी सांगतात आणि आम्ही दरवेळी ऐकतो. वहीत मी तेही लिहिलं आहे, ब्रिजेटच्याच पानावर.

मला स्वतःला या मालिकेचा कणा रिज-ब्रुक वाटत नाही, तो आहे स्टेफनी आणि ब्रुक. हे पटवायला मी नव्या आलेल्या माणसांना एक धागा नेहमी देते: बिग बेअरचं लाकडी घर. डोंगरातलं, फॉरेस्टरांचं. १९९२ मध्ये ब्रुकला तिथे कळा सुरू होतात, डॉक्टर जवळ नाही, आणि जवळ कोण, तर स्टेफनी. जिनं आपला नवरा नेला त्या बाईचं बाळंतपण स्टेफनी स्वतःच्या हातांनी करते. तीच ही ब्रिजेट. स्टेफनीचं काम करणाऱ्या सुसान फ्लॅनरीचा तो चेहरा आठवून बघा. राग कुठे गेलेला नाही आणि हात मात्र थांबत नाहीत. मी त्या दिवशी मशीनवरून पाय काढून बसले होते, सुईखाली बाही तशीच अडकलेली. मग वीस वर्षं सोडा आणि २०१२ वर या. स्टेफनीला फुप्फुसाचा कर्करोग, ती शेवटचे दिवस काढायला त्याच घरात येते, आणि तिचा जीव जातो तेव्हा तिला धरून बसलेली ब्रुक असते. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून सांगा, मधलं काही सांगू नका. कॅथरीन केली लँगनं केलेली ब्रुक ज्यांना उथळ वाटायची, त्या बायका इथे गप्प होतात. ज्यांनी १९९२ चा भाग पाहिला आणि २०१२ चा नाही, त्यांना दुसरा प्रसंग तुम्ही सांगणार आहात, तेव्हा आधी स्वतः नीट आठवून ठेवा.

खाण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तेलकट हात कागदाला लागतात म्हणून भजी नको, बाकरवडी चालते. वेळ अडीच ते साडेचार. त्याआधी मंडळी झोपेत असतात, त्यानंतर नातवंडं शाळेतून येतात.

मालिका दुसरी असेल तर धागे वेगळे निघतील, पद्धत हीच. दूरदर्शनवर १९९४ मध्ये दुपारी लागणाऱ्या ‘शांती’साठी वस्तूऐवजी प्रश्न घ्या, कारण मंदिरा बेदीची शांती आईवर झालेल्या अन्यायाचा जाब विचारायलाच त्या घरात येते, कुणाला काय कधी कळलं, एवढं मांडलं तरी दुपार पुरत नाही. ‘दामिनी’बद्दल बोलायचं तर प्रतीक्षा लोणकरची पत्रकार बघून कुणाच्या घरात मुलीला काय करावंसं वाटलं, तिथून सुरू करा. ‘चार दिवस सासूचे’चे भाग तीन हजारांच्या वर गेले; तिथे रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांच्यातला एकेक प्रसंग निवडून घेतल्याशिवाय निभाव लागणार नाही. मराठी मालिकांचा एक फायदा असा की नात्यांच्या कागदाला वेळ लागत नाही.

उठायच्या आधी दोन कामं करा. वहीतला उजवा भाग भरून घ्या, आता फोन काढायला हरकत नाही. आणि पुढचा धागा ठरवून तो कुणी आणायचा तेही ठरवा, म्हणजे ती महिनाभर आठवत राहते आणि इतरांना फोन करून विचारत राहते. आमचा पुढचा धागा शीला कार्टर. दुसऱ्या मालिकेत बाळांची अदलाबदल करून पळालेली ही नर्स १९९२ मध्ये फॉरेस्टरांकडे नोकरीला येते आणि वर्षभरात एरिकशी लग्न करते. किंबर्लिन ब्राउननं ती अशी केली आहे की आमच्या काकू अजून तिचं नाव घेत नाहीत, ‘ती नर्स’ म्हणतात. धागा नणंदेकडे दिला आहे. तारखांसाठी मी काकांना तिच्या शेजारी बसवणार आहे, आणि एका दुपारीत हे आटपणार नाही म्हणून खाकी कागद आत्ताच जास्तीचा आणून ठेवला आहे.